उवांसाठी एक शब्द

४ नोव्हेंबर, मंगळवार

उवा! चौथीच्या वर्गात! मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावून घेतलं — "तुम्ही इंग्रजीच्या. पालकांसाठी इंग्रजी नोटीस तुम्हीच लिहा. कुणी घाबरायला नको, कुणी हसायला नको." एवढंच!

पोरं म्हणतात, बडबडीनेच आणल्या — वर्गातल्या सगळ्यात बोलक्या पोरीला मी ठेवलेलं नाव. नोटीस लागेपर्यंत तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. एरवी हिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसतं. आज गप्प. फार वाईट वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

नर्सताईंनी वर्गातली सगळी डोकी पाहिली. निम्म्याहून जास्त पोरांना उवा! हळूच मला म्हणाल्या, "आधी कुणाला झाल्या, ते देवालाही सांगता यायचं नाही." म्हणजे नोटिशीत 'सगळीकडेच आहेत' असं नीट आलं की पोर सुटली. पण शब्द कोणता?

'वाइडस्प्रेड' लिहिला. परत वाचला आणि खटकला. पसरल्या म्हटलं की पालक विचारणारच — कुणी पसरवल्या? खोडला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

'रॅम्पन्ट', म्हणजे मोकाट — छे! डोळ्यांपुढे उधळलेला बैलच येतो. 'युबिक्विटस', म्हणजे सर्वव्यापी — हा मान देवाचा, उवांना कशाला? 'प्रिव्हलन्ट' जरा बरा, डॉक्टरांच्या तोंडचा, पांढरा कोट घालून आल्यासारखा. मोठ्या बाई खूश — "छान! कुणाला कळणारच नाही." मला हसू आवरेना.

शब्दकोश मांडीवर घेतला की मला दुसरं काही सुचत नाही. कुकरच्या शिट्ट्याही ऐकू आल्या नाहीत. नवरा म्हणाला, "उवा तुझ्याच डोक्यात शिरल्यात." खरंच!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अजून ठरत नाही. बडबडी आज आलीच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

'कॉमन'! सर्दीसारखा साधा शब्द. होतात, जातात, दोष कुणाचाच नाही. इतका वेळ नाकासमोर होता! मोठ्या बाईंनी नाक मुरडलं — "आपल्या शाळेत? कॉमन?" मी हटून बसले. सही घेतलीच! सोमवारी नोटीस लागणार. आज माझ्यावरच खूश आहे मी.

१० नोव्हेंबर, सोमवार

नोटीस लागली. बडबडी आली — डोक्याचा तुळतुळीत गोटा. "आईने शुक्रवारी केला," म्हणाली. नोटिशीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग माझ्याकडे वळून — "टीचर, कॉमन म्हणजे खूप जणांना असतात ना? मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"