तिसरा हिरवा दिवा

ती. सासूबाई,

परवा तुम्ही माझ्या विमानात होतात, तेव्हाचं खरं काय ते आज सांगतो. चाकं नीट उतरली की आम्हा पायलटांसमोर तीन हिरवे दिवे लागतात. त्या दिवशी दोनच लागले. माइकवर मात्र मी अगदी मधाळ आवाजात म्हणालो, "किरकोळ कारणाने आपण दोन घिरट्या जास्त घेत आहोत. कृपया निश्चिंत राहावे."

सगळे निश्चिंत राहिले. एकट्या तुम्ही लाइफ जॅकेट चढवून बसलात. हवाई सुंदरी धावत सांगायला आली, "बाराव्या रांगेतल्या बाई म्हणतायत, जावई एवढा गोड बोलतोय म्हणजे नक्की काहीतरी मोडलंय."

बरोबरच होतं तुमचं. तुमच्या नव्या फाटकावर गाडी घातली, त्या दिवशीही मी असाच बोललो होतो.

शेवटी आणीबाणीचा खटका ओढून अडकलेलं चाक उतरवलं. तिसरा दिवा लागला आणि मी माइकवर खेकसलो, "पट्टे बांधा. उतरतोय!" तेव्हा कुठे तुम्ही जॅकेट काढलंत म्हणे.

आता हे पत्र पुन्हा वाचलं. फारच गोड झालंय. पाठवत नाही. वाचलंत तर आधी फाटक बघायला धावाल.

तुमचा,
तुसडा जावई