यादीत फक्त मामांचा फोन

पाथर्डी, बुधवार
सकाळचे सव्वाअकरा

तीर्थरूप दत्तोपंत मामा यांना,

भाच्याचा, म्हणजे सुहासचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, मामींची सर्दी गेली का, मिरजगावात थंडी पडली का, हे सगळं मनापासून विचारतो आहे. उत्तराची घाई नाही. (घाई दुसऱ्या गोष्टीची आहे, ती तळाशी सांगतो.) सकाळपासून तुम्हाला अठरा वेळा फोन लावला. बॅटरी झिजू नये म्हणून तुम्ही तो बंद करून कपाटात ठेवता, हे ठाऊक असूनही लावला, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

आमच्या साखर कारखान्याचं नेटवर्क माझ्याकडे आहे. पाहुण्यांना तुम्ही 'सुहास वायरमन आहे' असं सांगता, त्याबद्दल आज काही म्हणत नाही. कार्यालय, वजनकाटा, गोदाम अशा ठिकाणी मिळून सात पेट्या आहेत, त्यांना स्विच म्हणतात, आणि त्या सगळ्या एका मुख्य पेटीच्या हुकुमात चालतात. आजवर दार सताड उघडं होतं. कँटीनचा टीव्ही आत आला, ड्रायव्हर मंडळींचे कुस्त्यांचे व्हिडिओ आत आले, आणि गेल्या हंगामात कुणीतरी घरून आणलेली आठवी पेटी आमच्यात खुपसली, तेव्हा काटा अर्धा तास गप्प झाला. (आत्ता उठून काटा बघून आलो. आजही गप्पच आहे.)

म्हणून मी नियम केला. यादीत असेल तेच यंत्र आत येईल, आणि नवं नाव घालायचं तर ते आधीच्या सभासद यंत्रावरूनच घालावं लागेल. सहकारात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पहिला मान वडीलधाऱ्याचा, म्हणून गव्हाणीत मोळी टाकून हंगाम सुरू केला त्या दिवशी तुमच्याच फोनने यादीचा श्रीगणेशा केला होता, आठवतं ना? पुढे दुसऱ्या नावावर गाडी अडली. लेखापाल राधाकृष्ण काळे म्हणाले आमचा संगणक आधी, शेतकी अधिकारी म्हणाले आमचा. माझं नाव मी रीतीप्रमाणे सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. आपणच यादी करून आपलंच नाव वर लिहिणं शोभत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. दोघांचा मानापमान मिटेपर्यंत निदान दार तरी लावून घ्यावं, म्हणून आज साडेआठला मी नियम लागू केला. दार लागलं, मामा. लेखापाल बाहेर, शेतकी बाहेर, काटा बाहेर आणि मीही बाहेर.

मुख्य पेटी पुसून कोरी करता येते, पण मग सगळं नव्याने मांडायला चार दिवस लागतील. इकडे फाटकाबाहेर उसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत गेल्या आहेत. वाल्मिक नावाचा ऊसतोड्या दर दहा मिनिटांनी खिडकीशी येतो. "सायेब, तोडल्याला ऊस वाळाय लागलाय, वजन घटतंय. तुमची पेटी रुसली हाय का?" त्याला काय सांगू, पेटी रुसलेली नाही, ती फारच आज्ञाधारक आहे. लाज वाटते मामा. बायकापोरांसकट थंडीत राबून त्यांनी तोडलेला ऊस मी माझ्या सौजन्यापायी उन्हात वाळवतो आहे. (पुन्हा खिडकीशी आला. मी टेबलाखाली काहीतरी शोधल्यासारखं केलं.)

मोळीच्या दिवशी तुमची खुर्ची दुसऱ्या रांगेत लागली आणि तुम्ही न जेवता निघालात. चूक माझी होती. फोन त्या दिवसापासून कपाटात गेला, हे मला कळतं. बॅटरीचं मी आपलं वर लिहिलं. कारखान्यात आपल्याला कुणी विचारत नाही, असं तुम्ही जाताना म्हणालात, ते अजून टोचतं.

आपला यादीबाहेरचा भाचा,
सुहास

ता. क. हे पत्र आणणारा अंगद टेम्पो घेऊन दाराशी उभा आहे. कपाटातला फोन घेऊन त्याच्याबरोबर लगेच निघा. पुढची सीट तुमची. आज आख्ख्या कारखान्यात फक्त तुमचंच चालतं. चेअरमनसाहेबसुद्धा यादीत नाहीत.

ता. क. २ अंगद म्हणतो, हल्ली तुमच्या आळीत 'जुने मोबाईल द्या, टोप घ्या' असं ओरडत एकजण हिंडतो आहे. मामींना म्हणावं, टोप कितीही जाड असला तरी आज नको. मी दोन आणून देतो, झाकणासकट.