जोडीने घेतलेले सायलेन्सर

चिरंजीव जावईबापूंस सासऱ्याचे आशीर्वाद (ते अद्याप चालू आहेत).

आपली प्रकृती ठणठणीत असणार. बिघडली असती, तर निदान औषधाचे नाव विचारायला तरी फोन आला असता. आम्ही तिघेही बरे आहोत. तिघे म्हणजे मी, तुमच्या सासूबाई आणि आमची लेक, जी चार दिवसांसाठी म्हणून आली, तिला येऊन आज त्रेचाळीस दिवस झाले. तुम्हा उभयतांचे कशावरून बिनसले, हे मी विचारलेले नाही व विचारणारही नाही. प्रस्तुत पत्राचा विषय केवळ सायलेन्सर हा आहे.

गेल्या वर्षी आपण स्वतःच्या गाडीला तो भारदस्त आवाजाचा बाजारू सायलेन्सर बसवलात, आणि जोडीने घेतल्यास सवलत मिळते म्हणून दुसरा माझ्या गाडीला, मला न विचारता, प्रेमाने बसवलात. (गाडी आपण दोन दिवसांसाठी नेली होती, परत तीन आठवड्यांनी आली.) जावयाच्या प्रेमाला नकार देता येत नाही. त्यामुळे पन्नाशी उलटलेला मी भाजी आणायला निघालो तरी शर्यतीला निघाल्यासारखा ऐकू येऊ लागलो, व ते मी सोसले. अडचण आता झाली आहे. दोन्ही गाड्यांचा आवाज एकच असल्याने मी गल्लीत वळलो की लेक हातातले काम टाकून गॅलरीत येते. खाली मी असतो. “बाबा, पिशवी जड आहे का?” असे विचारून ती आत जाते. पिशवी बहुतेक वेळा रिकामी असते. त्यातच महिन्यापूर्वी सायलेन्सरला तडा गेला. पूर्वी आवाज वळणावरून येई, आता नाक्यावरून येतो. म्हणजे तिचे गॅलरीत उभे राहणे सरासरी दीड मिनिटाने वाढले. हे मला पाहवत नाही, म्हणून दुरुस्ती.

नवा सायलेन्सर मला परवडणारा नाही (स्वेच्छानिवृत्तीतली ‘स्वेच्छा’ नेमकी कोणाची होती, ते पुन्हा कधीतरी). प्रथम मी तापल्यावर घट्ट होणारा लगदा तड्यावर लिंपला. तो घट्ट झाला, परंतु रस्त्यावर पडल्यानंतर. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून क्लॅम्पने आवळला, त्यामुळे मूळ आवाजात डबा वाजल्याची भर पडली आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांनी खिडकीतून विचारले, “अहो, वरात कोणाची?” लेक तेव्हा गॅलरीतच उभी होती.

अखेर वेल्डर गाठला. ज्याचे आयुष्य खरेदी विभागात गेले, त्याने तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय काम द्यावे, हे शक्य नव्हते. पहिल्याने पेरभर तड्याचा दर सांगितला. तो रास्त वाटला, म्हणून मी दुसऱ्याकडे गेलो. रस्ता उखडलेला होता. तिथे पोहोचेपर्यंत तडा बोटभर झाला. तिसऱ्याने वीतभर तड्याचा दर दिला. तिन्ही दर तीन निरनिराळ्या तड्यांचे असल्याने तुलना करता येईना. पहिल्याकडे परतलो, तर तो गाडीखालून बाहेर येत म्हणाला, “काका, परवाचा तडा हा नव्हेच! आणि पत्रा कसला हा, कागद नुसता! वेल्डिंग लावलं की भोक पडेल. बसवला कुणी?”

“घरच्याच माणसाने,” मी म्हणालो.

“मग काढून टाका. जोडत बसू नका.”

(तो सायलेन्सरविषयीच बोलत होता, असे मी गृहीत धरले आहे.)

इकडे दुसरे विशेष नाही. इतकेच कळवायचे होते.

आपला,
सासरा

ता. क. माझ्या गाडीचा मूळ सायलेन्सर आपण ‘जपून ठेवतो’ म्हणाला होतात. तो कृपया पाठवावा. कुरिअरने चालेल.

ता. क. २. कुरिअरवाले वस्तू आपटतात. स्वतः घेऊन आलात तर बरे.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्यापूर्वी लेकीने पत्र वाचले. म्हणाली, “बाबा, नका दुरुस्त करू. आवाज आला की निदान उठावंसं तरी वाटतं.” तिचे म्हणणे मी ऐकून घेतले आणि गाडी वेल्डरकडे लावून आलो. शुक्रवारी तो भंगारातला एक साधा सायलेन्सर बसवून देतो आहे. मूळचा पाठवण्याची आता गरज नाही. शुक्रवारनंतर आमच्या गल्लीत तसा आवाज आला, तर तो फक्त आपलाच असेल. आणि नाही आला, तर तेही तिला नीट ऐकू येईल.