मोठी चाकं आणि वाडीचा चढ

७ नोव्हेंबर ९८, अवसरी
सुनंदा आजही आली नाही. शनिवारची अर्धी शाळा, दुपारच्या एसटीनं यायला हवी होती. पिठलं दोघांचं केलं होतं. दोघांचं मीच खाल्लं, रागारागानं.

डिंभ्याच्या वरच्या वाडीच्या शाळेवर तिची बदली झाली त्याला हे तिसरं वर्ष. आधी म्हणाली रोज जा-ये करीन. मग दर शनिवारी. आता शनिवारचाही भरवसा नाही. एसटी खाली फाट्यावर सोडते, पुढं सगळा चढ. "पाय भरून येतात हो." खरंय तिचं. आपली जीप न्यावी तर पहिल्याच दगडाला पोट घासतं.

ठरलं. गाडी उंच करायची. तिला रोज सोडायचं, रोज आणायचं.

१५ नोव्हें.
मंचरला बाबू मिस्त्रीकडं साडेसात-सोळाचे मोठे टायर चढवले. मडगार्ड थोडे कापावे लागले. काय रुबाब! येताना माणसं वळून बघत होती. घरी आलो तर दाखवायला कुणी नाही. शेजारचं कुत्रं तेवढं आलं आणि मागच्या चाकावर तंगडी वर करून गेलं.

१८ नोव्हें.
शेताकडचा साधा चढ घेईना. क्लचचा जळका वास. मिस्त्री हसला. "राव, चप्पल मोठी घातली म्हनून पायात जोर येतो व्हय?"

चाक मोठं, इंजिन तेच, मग ओढ कमी पडणारच. उपाय म्हणे एकच, डिफरन्शलमधलं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना ओढ देणारा दातेरी चक्रांचा जोड, बदलायचं. आहे ते आठ-एकोणचाळीस दाताचं. आठ-त्रेचाळीस टाकलं की गाडी हळू पळंल पण ओढंल. मागच्या चाकांना एक जोड, पुढच्यांना एक, दोन्ही बदलायचे.
"मग टायर चढवायच्या आधी सांगायला तुझं तोंड शिवलं व्हतं का?"
"मला पन वाटलं चालंल." घ्या!

२८ नोव्हें.
आली. टायर बघून म्हणाली, "बरे आहेत." मनात होतं, म्हणावं, तुझ्यासाठी केलंय सगळं. तोंडातून निघालं, "हात लावू नको, ग्रीस लागंल."

उद्या सकाळी जाणार. वह्या तपासायच्यात म्हणे.

६ डिसें.
पुण्याला जुन्या बाजारात दिवसभर. आठ-त्रेचाळीसचा एकच जोड मिळाला. दुसरा मिळंना. येताना एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे? बायकोसाठी आहे म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

१३ डिसें.
मागं बसवला. ओढ जबरदस्त. पुढचा जुनाच राहिला. मिस्त्री म्हणाला, पुढचं मिळंल तवा बघू, पण तोवर चारी चाकं जुंपणारा फोर बाय फोरचा दांडा टाकायचा नाय. "मागची चाकं एक चाल चालत्यात, पुढची दुसरी. दांडा टाकला की दोगं बांदली जात्यात एकमेकाला. मंग काय, मोडंस्तवर भांडान."
"आणि चढावर लागलंच तर?"
"तरी नाय."
हो म्हणालो.

३ जाने. ९९
मधले दोन शनिवार नाही आली. रात्री टीव्ही मोठ्यानं लावतो. बघत नाही. घरात आवाज पाहिजे.

९ जाने.
पुढच्या जोडाचा निरोप मिस्त्रीकडून येईना, वाडीवर जायला धीर निघंना. गेलो. फाट्यापर्यंत झकास. चढाला लागलो तरी मागच्या दोन चाकांवर चढत होती, पोट कुठं घासलं नाही. शेवटच्या वळणावर मुरूम, मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. वर शाळेचं छप्पर दिसत होतं. टाकला दांडा. गाडी हिसका देऊन वर गेली, थोडी अजून... आणि खालून धाडकन आवाज. मधल्या गियरबॉक्सचं तेल मुरमावर.

चाकाखाली दगड लावले आणि चालत वर गेलो. पाय खरंच भरून येतात. तीन वर्षांत पहिल्यांदा चढलो.

वाटेत एक म्हातारी शेळ्या घेऊन. "पावणं, कुनाकडं?" बाईंकडं म्हणालो. "बाईंकडं? बाईंचं कोन तुमी?"
नवरा, म्हणालो. तिनं खालवर बघितलं. कपडे तेलानं माखलेले. "बाईंला मालक हाय व्हय!"

१० जाने.
काल लिहवलं नाही पुढचं.

सुनंदानं पाणी दिलं, चहा दिला. खोली छोटी, सारवलेली. कोपऱ्यात कुणीतरी आणून दिलेली वालाची शेंग. म्हटलं, पुढचं क्राऊन-पिनियन मिळालं की रोज घ्यायला येतो, तुला चालायला लागणार नाही.
तिनं कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "यंदा मंचरजवळची शाळा देत होते. मीच नको म्हणाले."
"का?"
"घरी येऊन काय? तुम्ही गाडीखाली, मी चुलीपाशी. इथं निदान कुणी विचारतं, बाई, जेवलात का."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. उठलो. फाट्यापर्यंत आली सोबत, सवयीच्या पायांनी, मीच मागं पडत होतो. एसटी आली तेव्हा म्हणाली, "न्यायला येऊ नका. पण या. नुसते या."

१२ जाने.
ट्रॅक्टर नेऊन जीप ओढून आणली. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि पाना घेऊन कामाला लागला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

१४ जाने.
संक्रांत. शेजारच्या वहिनी तीळगूळ देऊन गेल्या. "गोड बोला, भाऊजी." म्हटलं बोलतो. कुणाशी?

१५ जाने.
मिस्त्रीचा माणूस आला होता. पुढचा जोड मिळालाय नारायणगावात, उद्याच घेऊन जा, न्हाईतर दुसरा नेईल. बघू म्हणालो.

उद्या शनिवार. ती येणार नाही हे माहीत आहे. सकाळची घोडेगाव गाडी आहे, तिथून फाट्याची मिळते. पांढरा सदरा धुऊन वाळत टाकलाय. मघापासून ओट्यावर बसून शब्द जुळवतोय, पण तिच्या दारात उभं राहून पहिलं काय बोलायचं ते काही सुचत नाही.