दिशाला वळण लावायचे सोळा दिवस

२१ डिसेंबर, सकाळी ७
शुभांगी आणि दिशा काल आमच्या गावी, मालेला पोचल्या. लेक अकरा वर्षं जर्मनीत. नात सात वर्षांची. तिकडं म्हणे पोरांवर ओरडायचंसुद्धा नाही, मारायचं तर कायद्यानंच बंद. अशानं पोरं घरात पाहुण्यासारखी वाढतात. सोळा दिवस हातात आहेत. पिरंगुटच्या कंपनीत सुपरवायझर असताना साठ माणसं सरळ केली. ही तर एवढीशी पोर.

२२ डिसेंबर
दिशाला सांगितलं, मोठे सांगतील ते ऐकायचं. तिनं विचारलं, का? म्हणालो, मोठ्यांना सगळं कळतं. तिनं लगेच अंगणातल्या पक्ष्याचं नाव विचारलं. मी कावळा म्हणालो. तो कावळा नव्हता.

२४ डिसेंबर
सौ. घास भरवायला गेली. दिशा म्हणाली, ‘आजी, मला येतं.’ जेवली, ताट घासलं, पुसून ठेवलं. मग माझ्या ताटाकडं बघत उभी राहिली. मी उचललं. आजच्या दिवसच. बिचारीला तिकडं कुणी भरवत नसणार.

२७ डिसेंबर
साडेपाचला उठून पाढे, असा प्रोग्रॅम होता. मला जाग आली साडेसातला. थंडी फार. दिशा अंथरुणाची घडी करून, दात घासून ओट्यावर बसलेली. पाढे उद्यापासून.

२८ डिसेंबर
पाढे सोमवारपासून.

३० डिसेंबर, दुपार
दिशा एकटीच दुकानात गेली. आईला सांगून गेली, मला नाही. आई आंघोळीला. अर्धा तास सगळी आळी पालथी घातली. गुडघा गेला कामातून. पोरगी बिस्किटं खात आरामात आली. म्हणाली, तिकडं मी शाळेतपण एकटीच जाते.
मी हात उचलला. नुसता उचलला. मारणार नव्हतो.
दिशा हलली नाही. माझ्या हाताकडं बघितलं, मग मान वर करून आढ्याकडं बघितलं. आजोबा वर काय दाखवतायत, असं तिला वाटलं.
शुभांगी मात्र दोन पावलं मागं सरली आणि तिनं डोक्यावर हात घेतले. अडतीस वर्षांची बाई. आत्ताच आंघोळ झालेली, पाय ओले असतील. घसरली असेल.

१ जानेवारी
नवीन वर्ष. संकल्प काही सुचला नाही. शुभांगी माझ्याशी कामापुरतं बोलते. प्रवासाचं टेन्शन असणार.

३ जानेवारी
शुभांगी बॅग भरत होती. सहज विचारलं, त्या दिवशी मागं का सरलीस?
म्हणाली, ‘सवय हाय, आण्णा.’
म्हणालो, अगं, तुला सगळ्या जन्मात दोनदा मारलं असेल. तेही तुझ्या भल्यासाठी.
ती दिशाच्या फ्रॉकची घडी घालत राहिली. स्वयंपाकघरातून सौ. बोलली, ‘दोनदा न्हाई.’
एवढंच. परत भांड्यांचा आवाज.

५ जानेवारी, दुपारी ४
गाडी अकराला गेली. दिशाला काय काय शिकवलं, ते लिहून काढायला बसलो होतो. तिचं काही आठवेना. शुभांगीचंच आठवत राहिलं. पाटी फुटली तेव्हा. न विचारता विहिरीवर गेली तेव्हा. गणितात नापास झाली तेव्हा. पाहुण्यांसमोर उलट बोलली तेव्हा.
कारणं सगळी आठवतात. ती रडली होती का, ते आठवत नाही.