दारावरची वेळ

अबुधाबी, मंगळवार

प्रिय शुभ्रा,

तुझा मेसेज शनिवारी आला आणि मी तो तीन दिवस नुसता उघडून बघतेय. इथल्या त्या नव्या हॉस्पिटलने तुला दंतविभागात इन्फेक्शन कंट्रोलची प्रमुख म्हणून बोलावलंय, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि तू विचारतेस कुणाला, तर मला. तुला ठाऊक नाही, पण त्याच जागेसाठी मीही मुलाखत दिली होती. तू नाही म्हणालीस तर ती मला मिळणार, असं तिथल्या एचआरच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे मी 'नको गं, झेपायचं नाही' एवढं लिहायचाच अवकाश. फोनवर हे बोलायला गेले तर तू माझीच समजूत काढत बसशील, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

मी तुझ्यावर जळते, शुभ्रा. आजची गोष्ट नाही ही. २०२० साली आपण दोघी इथल्या त्या क्लिनिकमध्ये होतो, तेव्हापासूनची. बाकी आम्ही सगळे 'डेंटिस्टला मास्क-ग्लोव्हजचं काय कौतुक' म्हणून मिरवायचो. जेवणाच्या सुट्टीत हनुवटीवर आलेला एन-९५ पुढचा पेशंट बसेपर्यंत तिथेच असायचा. तू मात्र ड्रिल किंवा स्केलिंग झालं, की खोली अर्धा तास बंद. आपल्या खोल्यांना उघडायला खिडकी नव्हती, त्यामुळे हवेतले तुषार खाली बसेपर्यंत आत कुणी जायचं नाही, हा तुझा हट्ट. काचेच्या दारावर निळ्या मार्करने वेळ लिहायचीस आणि बाहेर 'यल्ला डॉक्टर, नेक्स्ट पेशंट' म्हणत घाई करणाऱ्या मॅनेजरला हसून हात जोडायचीस. आम्ही तुला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं होतं. तुझं बरोबर आहे हे मला कळत होतं आणि तेच सोसत नव्हतं.

त्यात पेशंटही तुझेच. मुसफ्फाच्या औद्योगिक भागात वर्कशॉप असलेल्या तय्यबभाईंच्या आई, मैमुनाबी, आठवतात ना? मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांची अक्कलदाढ मी काढली होती, सूज नाही, दुखणं नाही. पण सांदणांचा डबा यायचा तो तुझ्या नावाने. मला म्हणायच्या, 'तुम्ही पण चांगल्या हो, पण आमची शुभ्रा कुठेय?' मी हसून तुला हाक मारायचे आणि आत जाऊन उगाच असिस्टंटवर खेकसायचे. तुझ्या डब्यातलं सांदण मी एकदाही खाल्लं नाही, डाएटचं कारण सांगून.

जुलैमधल्या त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तू एका माणसाचं स्केलिंग केलंस आणि तुझी ड्यूटी संपली म्हणून घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आणि तू गेल्यावर दहाच मिनिटांत मी त्याच खोलीत मैमुनाबींना घेतलं होतं, त्यांचा मास्क काढून, तोंड उघडून. आठवड्याभरात त्या ऑक्सिजनवर गेल्या. एकवीस दिवस. वाचल्या, पण अजून चार पायऱ्या चढल्या की थांबतात. क्लिनिकच्या चौकशीत तू म्हणालीस, 'मी वेळ लिहिली होती.' मी म्हणाले, 'दारावर काही नव्हतं.' तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांना सांगितलंस, 'मुग्धा म्हणतेय ना, मग मीच विसरले असेन. दमले होते.' तुझं कॉन्ट्रॅक्ट त्यांनी वाढवलं नाही. पुण्याला गेलीस ती आजतागायत फक्त वर्गात शिकवतेस, पेशंटला हात लावत नाहीस. शनिवारच्या मेसेजातही तेच लिहिलंयस, की जिला दारावर वेळ लिहायचं सुचलं नाही तिने दुसऱ्यांना काय नियम शिकवायचे.

तू विसरली नव्हतीस. दारावर लिहिलं होतं, चांगलं ठळक, १२.२० पर्यंत. त्या दिवशी तय्यबभाई आईंना घेऊन अचानक आले. आईंची दुसरी एक दाढ ठणकत होती, माझी खोली भरलेली होती, आणि तू नव्हतीस. मला वाटलं, आज यांना मी बरं करते, ताटकळत न ठेवता. मग पुढच्या वेळी माझं नाव घेतील. मी स्पिरिटचा बोळा घेऊन तुझं अक्षर पुसलं आणि त्यांना आत बोलावलं. तू चौकशीत 'मीच विसरले असेन' म्हणालीस तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. इतकी वर्षं तू स्वतःवर संशय घेत राहिलीस आणि मी तुला घेऊ दिला. आज सकाळी हे सगळं क्लिनिकला लिहून दिलंय, त्या हॉस्पिटलमधून माझं नावही काढून घेतलंय. उद्या मैमुनाबींकडे जाणार आहे. त्या दारात उभं करतील की नाही, ते माहीत नाही. तू गुरुवारी हो म्हण. तू इथे आलीस की लोक पुन्हा तुलाच विचारत येतील आणि मी पुन्हा जळेन, आत्ता लिहितानाही जळतेय. तरी ये.

अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
मुग्धा