पस्तीसची लेन्स

भाईंदर,
६ डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबांस, समिधाचा शि. सा. न. वि. वि.

महिपतकाकांबरोबर पाठवलेली पस्तीसची लेन्स मिळाली. तुमच्या जुन्या पंच्यात एवढ्या घड्यांत गुंडाळली होती की नेहा म्हणाली, आत तान्हं बाळ आहे की काय. आम्हा दोघींची खोली लहान. तुमच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर पन्नासची लावली की भिंतीला पाठ टेकवूनही समोरचं माणूस धड मावत नव्हतं, आणि नव्वदची फक्त मुर्ध्याच्या मोकळ्या मिठागरावर, लांबचं टिपायला कामाला येते. आता सगळं मावतं. नेहाने माझे तीन फोटो काढलेत, सोबत पाठवतेय. आईला दाखवा, म्हणजे मी वाळले असं ती म्हणणार नाही.

माया आहे तशीच ठेवा.
समिधा

दापोली,
१४ डिसेंबर २००५

चि. समिधा हिस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. आई खूश आहे. मी नाही. जन्मभर स्टुडिओ चालवलेल्या माणसाला फसवताना थोडी तयारी करावी गं.

खोली लहान म्हणून पस्तीस मागवलीस, मग फोटोत खोली कुठाय? नुसता चेहरा. पस्तीसने चेहरा एवढा भरायचा तर काढणाऱ्याला हातभर अंतरावर यावं लागतं. तुझं नाक किंचित मोठं आलंय, ते त्यामुळेच. कॅमेरा पाहिला की चार पावलं मागे सरणारी मुलगी तू. इथे हललेली नाहीस, उलट हसतेयस. शिवाय फोटो तुझ्या डोळ्यांच्या वरून घेतलाय आणि नेहा तुझ्या खांद्याला लागते, ती गणपतीत आपल्याकडे आली तेव्हा बघितलंय मी. फोकस डोळ्यांवर अचूक आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक जुळवणं काढणाऱ्याला येतं. तिसऱ्या फोटोत मात्र हात हललाय.

कोण आहे तो? काय करतो? तुझ्या भावाने, साईराजने घर सोडलं, तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. तुझ्या बाबतीत तसं झालं तर मला सोसवणार नाही. आईला अजून काही बोललेलो नाही.

खरं लिहावंस, एवढीच अपेक्षा.
बाबा

भाईंदर,
२० डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. तो साईराज आहे.

इथेच एका कलर लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर डिजिटलचे प्रिंट काढतो. फिल्म संपली, स्टुडिओत आता काही राहिलं नाही, असं तो म्हणाला आणि तुम्ही त्याला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालात, तेव्हा तो कुणाला न सांगता निघाला आणि तेव्हापासून त्याने फिल्मला हात लावला नव्हता. दिवाळीनंतर माझ्याकडे तुमचा कॅमेरा बघितला आणि पहिलंच विचारलं, पस्तीस कुठाय. तुम्ही त्याला तिच्यावरच शिकवलं होतंत म्हणे, लांब उभा राहून फोटो काढणारा भित्रा असतो असं सांगून. म्हणून मी मागवली. माझं नाव बाबांना कळू देऊ नकोस, ते लेन्स परत मागतील, असं त्याने बजावलं होतं.

तिसरा फोटो काढताना मी त्याला सांगितलं की लेन्स बाबांनी स्वतःच्या पंच्यात गुंडाळून पाठवली. त्याचा हात तेव्हा हलला.

खोटं लिहिलं, त्याची लाज वाटतेय. आता लेन्स परत पाठवू का?

रागावलात तरी पत्र बंद करू नका.
समिधा

दापोली,
२७ डिसेंबर २००५

चि. समिधा हिस अनेक आशीर्वाद.

लेन्स राहू दे तिकडेच.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती रडली नाही, चकितही झाली नाही. उठून चहा ठेवला. म्हणजे हिला आधीपासून माहीत होतं. महिपतही परवा बाजारात माझी नजर चुकवत होता. सगळे सामील. या वयात घरातल्या माणसांवर पाळत ठेवायची वेळ आणलीत तुम्ही.

साईराजने काढलेले फोटो चांगले आहेत, त्याला सांग. माझा राग गेलेला नाही, तेही सांग.

आता तू त्याचा एक फोटो काढ. नव्वद लावून लांबून चोरून नको. पस्तीस लाव आणि जवळ जा. कायम कॅमेऱ्यामागे राहणारा माणूस तो, तोंड फिरवेल. फिरवलं तरी काढ. पाठमोरा आला तरी मला चालेल.

तुम्हा दोघांना आशीर्वाद.
बाबा